दारात उभा राहणारा माणूस



येत्या ११ फेब्रुवारीला लूर्द मातेचा सण आहे. याच दिवशी ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली हा दिवस घोषित केला आणि १९९३ साली तो प्रथम साजरा झाला. या निमित्ताने दरवर्षीप्रमाणे आपल्या चर्चमध्ये आजारी व वृद्ध भाविकांसाठी मिस्सा होईल व तैलाभ्यंगाचा संस्कार दिला जाईल. दरवर्षी या सुमारास मी आजारपणाविषयी चार शब्द लिहितो. यंदा मात्र आधी मला एक कबुली द्यायची आहे. ज्या गृहस्थांविषयी मी लिहितो आहे त्यांना हा मजकूर मी वाचून दाखवला आहे. “नाव नको फादर, बाकी सगळं लिहा,” असे ते म्हणाले.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी मिस्साच्या वेळी दारात उभे राहणाऱ्यांवर बोललो होतो. तुमच्यापैकी अनेकांना ते आठवत असेल, कारण त्या दिवशी माझा आवाज जरा चढला होता. आत बाकांवर जागा असताना काही जण मागच्या दारापाशी उभे राहतात, विरार लोकल पकडायला आल्यासारखे, शेवटचा आशीर्वाद होण्याआधीच गायब होतात, असे काहीसे मी बोललो. त्यातले बरेचसे खरेच होते आणि आजही आहे. पण बोलताना माझी नजर एका माणसावर होती. पन्नाशीतले हे गृहस्थ पूर्वी सहकुटुंब पुढच्या तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसत. तीन-चार रविवारांपासून ते मागच्या दाराजवळच्या खांबापाशी उभे राहू लागले होते. गुडघे टेकायची वेळ आली तरी उभेच. मी मनात म्हटले, यांचे काहीतरी बिनसले आहे. सणाच्या वर्गणीवरून किंवा पाळकीय परिषदेतल्या कसल्यातरी बोलाचालीवरून.

दोन दिवसांनी त्यांच्या पत्नी मला भेटायला आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या आणि तेच मला जास्त लागले. म्हणाल्या, “फादर, ह्यांना बसवत नाही. बाकावर बसले की पाठीत अशी कळ येते की डोळ्यांतून पाणी येतं. उभं राहिलं तर चालतं. घरीच राहा म्हटलं, तर मिस्सा चुकवायला तयार नाहीत.”

हे सगळे मला आधीच ठाऊक असायला हवे होते, कारण दीड महिन्यापूर्वी मी त्यांच्या घरी जाऊन आलो होतो. एका पहाटे झोपेतच त्यांना फिट आली होती. आयुष्यातली पहिलीच. पत्नीला जाग आली ती पलंगाच्या आवाजाने. पाहतात तो सर्वांग लाकडासारखे ताठ, दातखीळ बसलेली, मग हातापायांना झटके, तोंडाला फेस. दोन-तीन मिनिटेच ते चालले असेल, पण त्या माऊलीला तो एक जन्म वाटला. शेजारीपाजारी धावत आले. कोणी कांदा आणला, कोणी चप्पल नाकाशी धरली, दोन तरुण मुले हातपाय दाबून बसली. मग इस्पितळ, मेंदूची तपासणी, रक्ताची तपासणी. गाठ नाही, रक्तस्राव नाही. गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी ते घरी आले. संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलेले होते. मीही गेलो, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तेव्हा ते मला म्हणाले होते, “फादर, डोक्याचं काही नाही, पण पाठ फार दुखते.”

आणि मी काय म्हणालो? “झटक्यांनी अंग आंबलं असेल. प्रभूने केवढ्यातून वाचवलं! एवढं दुखणं त्याला अर्पण करा.” मग चहा घेऊन मी निघालो.

बंधुभगिनींनो, मी एकटाच तसे बोललो असे नव्हे. इस्पितळातही त्यांना स्नायू आखडले असतील असेच सांगितले होते. नातेवाइकांनी तेल चोळून दिले, गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या. कोणी तर पाठ “बसवून देणाऱ्या” माणसाला घरी बोलावले होते. देवाची कृपा की तो आला नाही. फिट सगळ्यांनी पाहिली होती, म्हणून फिटविषयी सगळे विचारत होते. पाठ कोणाला दिसत नव्हती.

ती माऊली निघून गेल्यावर मी आपल्या कॉन्व्हेंटमधल्या एका वयस्कर सिस्टरना हे सांगितले. त्यांनी अनेक वर्षे परिचारिका म्हणून सेवा केली आहे. त्या तशाच उठून त्या घरी गेल्या. प्रार्थना त्यांनी नंतर केली. आधी पलंगाच्या कडेला बसून विचारले, नेमके कुठे दुखते, बोट ठेवून दाखवा. कधीपासून? खोकला आला की जास्त होते का? कूस बदलताना? मग म्हणाल्या, “पाठीचा एक्स-रे कोणी काढलाय का?” कोणीच काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी काढला, तेव्हा पाठीच्या मधल्या भागातले दोन मणके दबलेले दिसले. म्हणजे दीड महिना तो माणूस मोडलेल्या मणक्यांनी चर्चच्या दारात उभा राहत होता आणि मी वेदीवरून त्याला शिस्त शिकवत होतो.

असे होते तरी कसे, ते तो पडलाच नव्हता ना, हा प्रश्न मलाही पडला. डॉक्टरांनी समजावले ते असे. फिटच्या झटक्यात पाठीचे व छातीचे सगळे मोठे स्नायू एकाच वेळी पूर्ण ताकदीने आवळले जातात. शुद्धीवरचा माणूस कधीही इतका जोर लावत नाही, कारण दुखले की तो थांबतो. फिटमध्ये थांबवणारे कोणी नसते. त्या दाबाने मणक्याचा पुढचा भाग चेपला जाऊ शकतो, अगदी मऊ गादीवर झोपलेल्या माणसाचासुद्धा. बहुधा खांद्याच्या दोन पात्यांच्या मधल्या किंवा त्याखालच्या भागात हे घडते. कधी कधी खांदाही निखळतो. शुद्धीवर आल्यावर काही वेळ माणूस गोंधळलेला असतो, अंग तर सगळेच दुखत असते, म्हणून नेमके दुखणे मागे पडते. शिवाय ज्यांची हाडे आधीच ठिसूळ आहेत, किंवा जे फिटवरची काही औषधे वर्षानुवर्षे घेत आहेत, त्यांना हा धोका अधिक असतो; त्यातल्या काही औषधांनी शरीरातले ड जीवनसत्त्व कमी होते. म्हणून औषधे सोडायची नाहीत, तर डॉक्टरांना हाडांविषयी विचारायचे.

त्या रात्री मी शुभवर्तमान उघडून बसलो. दोन उतारे मला आठवत होते. एक संत मार्कच्या नवव्या अध्यायातला, ज्यात एक बाप आपल्या फिट येणाऱ्या मुलाला घेऊन येतो. दुसरा संत लूकच्या तेराव्या अध्यायातला, ज्यात अठरा वर्षे कमरेत वाकलेली एक स्त्री सभास्थानात येते. एक झटक्याचा, एक पाठीचा. गंमत अशी की आपल्या उपासनेच्या वाचनक्रमात हे दोन्ही उतारे रविवारी येतच नाहीत. दोन्ही येतात सामान्यकाळातल्या सोमवारी, जेव्हा सकाळच्या मिस्साला बाकांवर मोजकी माणसे असतात. म्हणून ते आज इथे सांगतो.

मार्कने त्या मुलाचे वर्णन असे केले आहे की आजही एखाद्या डॉक्टरने वाचले तर त्याला ओळख पटेल. मुलगा जमिनीवर आपटतो, तोंडाला फेस येतो, दात करकर खातो, ताठ होतो. बाप आणखी एक गोष्ट सांगतो, जिच्याकडे आपले लक्ष जात नाही. हा आजार त्या पोराला अनेकदा आगीत नि पाण्यात टाकतो. म्हणजे बापाला फक्त झटक्याची भीती नव्हती. झटक्यानंतर उरणाऱ्या भाजल्याच्या जखमा, नाकातोंडात गेलेले पाणी, हे सगळे तो वर्षानुवर्षे निस्तरत होता. येशूभोवती तेव्हा काय चालले होते? शिष्यांना मुलाला बरे करता आले नव्हते आणि शास्त्री त्यांच्याशी वाद घालत होते. मुलगा तिथेच, वाद रंगलेला! आपल्याकडे कोणी आजारी पडले की ओट्यावर हेच होते. कोणत्या डॉक्टरकडे न्यायला हवे होते, कोणाची नजर लागली, कोणी काय खाल्ले.

येशू वादात पडत नाही. तो बापाला विचारतो, हे याला कधीपासून होते आहे? शुभवर्तमानात येशू बरे करण्याआधी आजाराची मुदत विचारतो असे प्रसंग फार नाहीत. त्याला ते ठाऊक नव्हते म्हणून त्याने विचारले असेल असे मला वाटत नाही. बापाला ते सांगता यावे म्हणून विचारले असावे. आपल्या सिस्टरनी पलंगाच्या कडेला बसून विचारला तो हाच प्रश्न. मी विचारला नव्हता.

पुढे झटका थांबतो, तेव्हा मुलगा मेल्यासारखा निपचित पडलेला असतो. पुष्कळजण म्हणतात, गेला. गोष्ट तिथे संपली असे लोकांना वाटते. येशू मात्र त्याचा हात धरतो, त्याला उठवतो आणि मुलगा उभा राहतो. लूकने तर पुढे आणखी लिहिले आहे की येशूने त्याला त्याच्या बापाच्या हवाली केले. झटका थांबल्यानंतरच्या त्या निपचित घटकेत प्रभू निघून जात नाही, एवढेच मला त्या रात्री दिसले. मी चहा घेऊन निघालो होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण आपल्या गावांत अजूनही फिट आली की बाधा झाली असे कुजबुजले जाते आणि काही जण रात्री गुपचूप भगताकडे जातात. मार्कने त्या मुलाच्या बाबतीत अशुद्ध आत्म्याचा उल्लेख केला आहे, हे खरे. त्या काळी लोक हा आजार तसाच समजत. पण संत मत्तयचा चौथा अध्याय काढून पाहा. येशूकडे आणलेल्या रुग्णांची यादी देताना तो भूतग्रस्त वेगळे आणि फेफरेकरी वेगळे मोजतो. येशूच्या सुमारे चारशे वर्षे आधी हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या एका ग्रीक ग्रंथातही, हा आजार दैवी वगैरे नसून मेंदूचा आहे, असे मांडलेले आहे. आपल्या ख्रिस्तसभेलाही हे शिकायला वेळ लागला, हे मी लपवणार नाही. १९१७च्या धर्मसंहितेप्रमाणे फिट येणाऱ्यास धर्मगुरू होता येत नसे, आणि ते कलम लिहिताना फिट, वेड व भूतबाधा ही तिन्ही एकाच ओळीत बसवली होती! १९८३च्या संहितेत फिटचा उल्लेख काढून टाकला आहे. आणि तोवर काय झाले होते पाहा. ज्यांना तरुणपणी फिट्स येत असत ते जोव्हान्नी मास्ताई १८१९ साली खास परवानगीने धर्मगुरू झाले, १८४६ साली नववे पायस या नावाने पोप झाले आणि २००० साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. देव कायद्याच्या पुस्तकापेक्षा पुढे चालतो. लग्नाच्या बाबतीतही सांगतो, कारण त्या गृहस्थांना सर्वांत मोठी काळजी आपल्या मुलीच्या लग्नाची लागली होती. बापाला फिट आली म्हणून मुलीकडे बोट दाखवायचे कारण नाही. ज्याला स्वतःला फिट येते त्यालाही आपल्या धर्मसंहितेने लग्नाची आडकाठी केलेली नाही. देशाच्या विवाह कायद्यातले तसले कलमही १९९९ साली गेले. लपवाछपवी मात्र करू नये. ती आजारापेक्षा जास्त घरे मोडते.

आता ती वाकलेली स्त्री. अठरा वर्षे तिला सरळ उभे राहता आले नव्हते. अठरा वर्षे तिने माणसांचे चेहरे नव्हे, पाय पाहिले असतील. ती येशूकडे काही मागायला आली नव्हती. शब्बाथ होता म्हणून ती नेहमीप्रमाणे सभास्थानात आली होती, जसे आमचे गृहस्थ रविवार म्हणून येत होते. गर्दीत येशूने तिला पाहिले. जवळ बोलावले. तिच्यावर हात ठेवले. ती सरळ झाली आणि देवाचा गौरव करू लागली.

आणि मग उठला सभास्थानाचा अधिकारी. हा माणूस मी पुष्कळदा वाचला होता, पण त्याच्या जागी स्वतःला कधी पाहिले नव्हते. तो संतापला. पण नीट वाचा. तो येशूला काही बोलला नाही, त्या स्त्रीलाही थेट बोलला नाही. तो लोकांना बोलला, कामाचे सहा दिवस असतात, त्या दिवशी येऊन बरे व्हा, शब्बाथला नको. मीही थेट त्या गृहस्थांना बोललो नव्हतो. मी सगळ्यांना बोललो होतो. उपदेशकाची ही जुनी खोड आहे. एकाकडे पाहायचे आणि सर्वांना ऐकवायचे. त्या अधिकाऱ्याचा नियम खोटा नव्हता, माझाही नव्हता. फक्त त्याने त्या बाईला अठरा वर्षांत एकदाही नीट पाहिले नव्हते. येशूने त्याला उत्तर दिले ते गोठ्याचे. शब्बाथला तुम्ही आपला बैल किंवा गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेता, मग अब्राहामाच्या या लेकीची गाठ सोडायची नाही? तहानलेल्या जनावराची गाठ सोडायला कोणी मुहूर्त पाहत नाही, हे ज्यांच्या घरी गुरे होती त्यांना समजावून सांगायला नको.

पुढच्या रविवारी मी त्या गृहस्थांची जाहीर माफी मागणार होतो. त्यांनी मला तसे करू दिले नाही. म्हणून हे आज.

आता “अर्पण करा” या शब्दांविषयी. ते शब्द खोटे नाहीत. आपल्या आईवडिलांनी, आजीआजोबांनी याच शब्दांवर मोठमोठी दुखणी काढली. संत पौलाने कलस्सैकरांना लिहिताना आपली दुःखे ख्रिस्ताच्या दुःखांशी जोडली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली मानवी दुःखावर एक संपूर्ण प्रेषितीय पत्र लिहिले. पुढे आजाराने वाकलेल्या शरीरानिशी जगासमोर येताना त्यांनी ते कसे जगून दाखवले, ते आपण २००५ पर्यंत डोळ्यांनी पाहिले. त्याच पत्रात ते दयाळू शमरोनी माणसापाशी येऊन थांबतात. दुसऱ्याचे दुःख दिसल्यावर जो थांबतो, त्याच्यापाशी. अर्पण करण्याचा शब्द दुखणाऱ्याने स्वतः उच्चारायचा असतो. बघायला आलेल्याने तो त्याच्या तोंडात घालू नये. निदान चहा पिऊन निघायच्या घाईत तरी नाही. कूस उताऱ्यात ज्याने वाहायला हात दिला त्या सिमोन कुरेनेकराने येशूला “तू सहन कर” असे सांगितले नाही. त्याने लाकडाखाली खांदा घातला. आणि येशूने ती मदत नाकारली नाही.

काही भाविक विचारतात, वेदनेच्या गोळ्या घेतल्या तर क्रूस टाळल्यासारखे होईल का? नाही. पोप बारावे पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूल देणाऱ्या डॉक्टरांसमोर बोलताना हे स्पष्ट केले होते, की ख्रिस्ती माणूस वेदना शमवणारे औषध निश्चिंतपणे घेऊ शकतो. गेथशेमनी बागेत प्रभूनेही प्याला टळावा म्हणून विनवणी केली, पौलाने शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. दुखणे जावे असे मागणे हा अविश्वास नाही. बेनसिराच्या ग्रंथातल्या अडतिसाव्या अध्यायात तर वैद्याचा मान राखायला सांगितला आहे आणि जमिनीतून औषध उगवणारा देवच आहे असे म्हटले आहे. एक खबरदारी मात्र डॉक्टरांनी आवर्जून सांगायला लावली आहे. फिट येऊन गेलेल्या माणसाने पाठीसाठी दुकानातून स्वतःच गोळ्या आणू नयेत. ट्रामाडॉलसारख्या काही वेदनाशामकांनी फिट पुन्हा येण्याची शक्यता वाढते. औषध लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आधी फिटचे सांगावे.

आणि ते कांद्याचे, चपलेचे. कृपा करून आता ते बंद करू या. फिट आलेल्या माणसाच्या तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. त्याने झटका थांबत नाही, उलट इजा होऊ शकते. आजूबाजूचे टणक सामान दूर करावे, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, झटके थांबताच कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले, किंवा शुद्धीवर येण्याआधीच पुन्हा सुरू झाले, तर तडक इस्पितळ. शुद्धीवर आल्यावर त्याला विचारावे, कुठे दुखते? पाठीत एका जागी खोल कळ असेल आणि ती दिवसेंदिवस राहत असेल, तर एक्स-रेचा आग्रह धरावा. पायाला बधिरपणा आला, पायातले बळ गेले, लघवीवरचा ताबा सुटला, तर एक तासही थांबू नये.

त्या घरातल्या रात्रींविषयी थोडे लिहितो. दबलेल्या मणक्याला घाईचा उपाय बहुधा नसतो. औषध, काही दिवस पट्टा, हळूहळू चालणे, मग फिजिओथेरपी आणि वाट पाहणे. वाट पाहणे रात्री फार कठीण. कूस बदलायची तर खांदे, कंबर, गुडघे एकदम वळवावे लागत, ओंडका फिरवावा तसे. जरा पीळ पडला की जीव कळवळे. पत्नी एक हात त्यांच्या खांद्यावर नि एक कमरेवर ठेवून “तीन” म्हणे आणि दोघे मिळून वळत. रात्रीतून चार-पाच वेळा. तिच्या झोपेचे वेगळेच होते. ते जरा हलले की पुन्हा फिट आली की काय, म्हणून ती दचकून उठे. गृहस्थ मला म्हणाले, “फादर, त्या महिन्यांत मला प्रार्थना जमली नाही. माळ हातात घ्यायचो, पहिल्या रहस्याच्या पुढे जात नव्हतो. पंख्याकडे बघत पडायचो. पहिल्या लोकलचा आवाज आला की वाटायचं, चला, एक रात्र गेली.” त्यांना याची लाज वाटत होती. मी विचारले, वळताना काय म्हणायचात? ते म्हणाले, “काय म्हणणार, ‘येशू’ म्हणायचो. दुखायचं ना.” मी म्हटले, रात्रीतून पाच वेळा येशूचे नाव घेत होता आणि प्रार्थना जमली नाही म्हणता!

त्या मुलाच्या बापाचीही प्रार्थना याहून लांब नव्हती. माझा विश्वास आहे आणि तो कमी पडतो आहे, दोन्ही एका दमात तो बोलून गेला. येशूने त्याला आधी विश्वास पुरा करून ये असे सांगितले नाही.

त्यांच्यासारखा चमत्कार आपल्या गृहस्थांच्या वाट्याला आला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. लूर्दचा झरा जिच्या हातून मोकळा झाला ती बर्नाडेट स्वतः आयुष्यभर दम्याने त्रासली आणि हाडाचा क्षय सोसून ३५व्या वर्षी वारली. गृहस्थांचे दुखणे चार महिन्यांत बरेच उतरले. अजून विसेक मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाही. उंची थोडी कमी झाली आहे, यावर ते स्वतःच विनोद करतात. गोळी चुकवत नाहीत, त्यानंतर फिट आलेली नाही. बाथरूमची कडी आतून लावत नाहीत, विहिरीवर एकटे जात नाहीत, लोकलच्या दारात उभे राहत नाहीत. भीती गेली का विचारले, तर म्हणाले, “नाही गेली. पण आता ती घरातल्या सगळ्यांत वाटलेली आहे.”

११ तारखेच्या मिस्साविषयी सूचना. तैलाभ्यंग म्हणजे शेवटची घटका, ही समजूत अजून आपल्यात आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले आहे की हा संस्कार केवळ मरणाच्या दारी असलेल्यांसाठी नाही. गंभीर आजार, मोठी शस्त्रक्रिया, वार्धक्य, यांतून जाणाऱ्या प्रत्येकासाठी तो आहे. संत याकोबाच्या पत्रातही आजाऱ्याने वडिलांना बोलवावे असेच सांगितले आहे. म्हणून बोलवा. फिट येणाऱ्यांनीही संकोच न करता यावे. सिस्टर व दोन डॉक्टर चर्चमध्ये हजर असतील. पुढच्या तीन बाकांऐवजी यंदा पाठीला टेकायच्या खुर्च्या व दोन पलंग ठेवले आहेत. ज्यांना बसवत नाही त्यांनी उभे राहावे, ज्यांना उभे राहवत नाही त्यांनी पडून राहावे, गुडघे टेकण्याची चिंता कोणी करू नये. ज्यांना घराबाहेर पडणे शक्य नाही त्यांची नावे शुक्रवारपर्यंत ऑफिसमध्ये द्यावीत. दुपारी मी घरी येईन आणि या वेळी बसायला येईन.

दरवर्षी तैल घेऊन मी वेदीकडून मागे जात असे. यंदा मागच्या दारापासून सुरुवात करणार आहे. खांबाजवळची जागा कृपया मोकळी ठेवावी.

आपला,
धर्मग्रामगुरू